टीव्हीवर व्यसन सोडवायला गेलेल्यांचं पुढे काय झालं?

चहा_आणि_चकली

परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर भरकटत होते, तर 'सेलिब्रिटी रिहॅब'चे जुने तुकडे लागले आणि दोन वाजेपर्यंत तेच बघत बसले, म्हणजे मी काही फार सोज्वळ आहे असं नाही हे आधीच सांगते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 2008 मध्ये व्हीएच-वन या अमेरिकन चॅनलवर सुरू झालेला शो. डॉ. ड्रू पिन्स्की नावाचे खरेखुरे व्यसनमुक्तीचे डॉक्टर, कॅलिफोर्नियात पॅसाडिनाचं खरंखुरं सेंटर, आणि पेशंट म्हणजे एकेकाळी गाजलेले नट, गायक, खेळाडू. तीन आठवडे उपचार, सगळं कॅमेऱ्यासमोर, वर पेशंटलाच पैसे.

2010 च्या तिसऱ्या सीझनमध्ये माइक स्टार आहे, अ‍ॅलिस इन चेन्स बँडचा जुना बासिस्ट. त्याचा मित्र लेन स्टेली 2002 मध्ये गेला, आणि आदल्या दिवशी हा त्याच्याच घरी होता. शोमध्ये लेनच्या आईला समोर बसवतात आणि हा सांगतो की मी अ‍ॅम्ब्युलन्स बोलवत होतो पण बोलवलीस तर मैत्री संपली असं तो म्हणाला म्हणून नाही बोलवली. ती बाई त्याला माफ करते. मी रडले. मग गूगल केलं तर मार्च 2011 मध्ये माइक स्टारपण गेला, 44 वर्षांचा. त्याच सीझनमधला जोई कोव्हर ऑगस्ट 2012 मध्ये, वय 29. त्याच सीझनमधली गायिका मिंडी मॅक्रेडी, फेब्रुवारी 2013, आत्महत्या, वय 37. आधीच्या सीझनमधले जेफ कॉनवे (मे 2011) आणि रॉडनी किंग (जून 2012) पण.

रॉडनी किंग म्हणजे तोच, 1991 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी ज्याला बडवला आणि कुणीतरी बाल्कनीतून शूट केलं. त्या माणसाच्या आयुष्यात दोनदा कॅमेरा आला आणि दोन्ही वेळा तो जमिनीला टेकलेला होता.

माझं म्हणणं एवढंच, की उपचार चालू असताना कॅमेरा नकोच. तुम्हाला काय वाटतं?

हिशेबी_माणूस

पाच माणसं गेली हे वाईटच, पण त्यावरून शोने मारलं हे कसं काढलंत? व्यसन पुन्हा जडण्याचं प्रमाण 40 ते 60 टक्के असतं असं अमेरिकेची व्यसनावर संशोधन करणारी सरकारी संस्थाच सांगते, बीपी आणि दम्याच्या पेशंटचंही साधारण तसंच. त्यात टीव्हीवाले निवडणार कोण तर सगळ्यात बिघडलेली केस, कारण बऱ्यापैकी सावरलेला माणूस बघणार कोण? वीस-वीस वर्षं हेरॉइन घेतलेले लोक एका खोलीत जमा करा, कॅमेरा लावा नाहीतर नका लावू, पाच-सात वर्षांत त्यातले काही जाणारच. कॅन्सर वॉर्डात माणसं दगावतात म्हणून आपण वॉर्डला दोष देतो का?

आणि त्याच सीझनमधली मॅकेन्झी फिलिप्स का नाही आठवली? पुढे ती स्वतः व्यसनमुक्तीची समुपदेशक झाली. तिचा तुकडा यूट्यूबने सुचवला नाही वाटतं.

चहा_आणि_चकली

सुचवला ना. मिंडीला कॅमेऱ्यासमोर फिट येते तेव्हा तिला धरून बसलेली बाई म्हणजे मॅकेन्झी. सगळे सैरभैर झालेत आणि ही तिला धरून आहे. आणि कॅमेरा? कॅमेरा मिंडीच्या चेहऱ्यावर. तुमच्या कॅन्सर वॉर्डात पेशंटला फिट आली की कुणी मागे म्युझिक लावून झूम करतं का हो?

बंड्या_९०९

स्वतःच्या मर्जीने गेले, पैसे घेतले, आता कसली सहानुभूती. बिग बॉसमध्ये पण लोक असेच जातात आणि बाहेर येऊन रडतात.

नर्सताई

@बंड्या मर्जी म्हणजे काय ते जरा सांगते, सव्वीस वर्षं सरकारी वॉर्डात काढलीत.

पेशंटची दारू बंद केल्यावर पहिले तीन-चार दिवस हात थरथरतात, घाम, झोप नाही, कुणाला भिंतीवर मुंग्या दिसतात, कुणाला फिट येते. गर्दवाल्याची टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, वेगळी, नाक डोळे वाहतायत, हाडं दुखतायत, पाय झाडतोय, पांघरूण घेतलं की गरम आणि काढलं की थंडी. अशा माणसापुढे तुम्ही कुठलाही कागद धरा, तो सही करतो. त्याला फक्त ही रात्र संपायला हवी असते. आमच्याकडे नातेवाईक त्याच अवस्थेत जमिनीच्या कागदांवर सह्या घ्यायला यायचे, दोघांना मी स्वतः हाकललंय.

आपल्याकडे 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आहे, त्यात दारू-ड्रग्जशी जोडलेले आजारही येतात, आणि कलम 24 सरळ म्हणतं की उपचार घेत असलेल्या माणसाचा फोटो किंवा माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही. पण ती संमती कुठल्या दिवशी घेतलेली, ते कोण बघतंय?

दुसरी गोष्ट, जी टीव्हीवर कधी नीट येत नाही. तीन आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन माणूस जुन्या हिशेबाने जुनाच डोस घेतो, आणि तो डोस आता त्याला झेपत नाही. म्हणजे अफू-हेरॉइनवाल्याला सगळ्यात जास्त धोका उपचार संपल्या संपल्या असतो, नेमका जेव्हा शेवटचा एपिसोड होतो, मिठ्या मारून गाडीत बसवतात आणि युनिट पॅकअप करतं.

हिशेबी_माणूस

ताई हे पटलं, पण हा दोष अर्धवट उपचारांचा झाला. कॅमेरा नसलेल्या सेंटरमधूनही माणूस तीन आठवड्यांनी सुटतोच की, आणि त्याच्या शेवटाची बातमीही होत नाही. शिवाय या शोनंतर 'सोबर हाउस' म्हणून पुढचा टप्पाही त्यांनी केला होता.

चहा_आणि_चकली

केला होता, आणि तिथेही कॅमेरे होते!

न्यूजर्सीचा_पम्या

मी थोडं उलटं बोलतो, शिव्या खायची तयारी आहे.

इथे ए अँड ई चॅनलवर 'इंटरव्हेन्शन' नावाचा शो 2005 पासून आहे. साध्या घरातली माणसं, कुणी नर्स, कुणी ट्रक चालवणारा. शेवटी सगळं कुटुंब हॉटेलच्या खोलीत बसतं, एकेक जण लिहून आणलेलं पत्र वाचतो, की तू आज उपचाराला गेला नाहीस तर मी तुला पैसे देणार नाही, घरात घेणार नाही. माझ्या ऑफिसमधल्या एका देशी बाईने हेच बघून घरी केलं. नवरा रोज बेसमेंटमध्ये बसून प्यायचा आणि ही अकरा वर्षं सासूला फोनवर सांगायची की ते मीटिंगमध्ये आहेत. पत्र तिने मराठीत लिहिलं, वाचताना हात एवढा थरथरत होता की शेवटी मुलीने वाचलं. तो गेला उपचाराला. आज बरा आहे. आता सांगा, तो शो नसता तर तिला हे कुणी शिकवलं असतं? आपल्या मंडळात? गणपतीच्या मीटिंगमध्ये? तिथे तर सगळे त्याच्याच ग्लासात ओतत होते.

मृद्गंध

पम्या, बाईंबद्दल आनंद आहे. पण त्याच शोमध्ये आलेल्या माणसाला सांगतात काय, तर आम्ही व्यसनावर डॉक्युमेंटरी करतोय. इंटरव्हेन्शन होणार हे त्याला माहीतच नसतं, घरच्यांना माहीत, युनिटला माहीत, आपल्याला माहीत. मी दोन सीझन बघितलेत (हो, मीसुद्धा), एकदा एक बाई तर्र होऊन गाडीकडे जाते आणि मी सोफ्यावरून ओरडतेय की अरे तिची चावी घ्या कुणीतरी. आणि शेवटी काळ्या स्क्रीनवर दोन ओळी, अमुक तारखेपासून क्लीन आहे, किंवा तीन आठवड्यांनी सेंटर सोडून गेला. मी त्या दोन ओळी वाचेपर्यंत थांबायचे आणि लगेच पुढचा एपिसोड लावायचे. चिवडा खाल्ल्यासारखं. त्या काळ्या स्क्रीनच्या पुढे तो माणूस जगतोय हे डोक्यातच यायचं नाही.

सातवं_वर्ष

बरेच दिवस नुसता वाचतो, आज लिहितो.

मी गर्द ओढायचो. आता सात वर्षं क्लीन आहे. माझा काही रिअ‍ॅलिटी शो झाला नाही, आमची लायकी बातमीपुरतीच. ज्या सेंटरला होतो (नाव सांगत नाही) तिथे चौथ्या दिवशी एका लोकल चॅनलचे लोक आले, 'तरुणाई नशेच्या विळख्यात' करायला. मी कोपऱ्यात ब्लँकेट घेऊन पडलेलो, नाक गळतंय. एक मुलगा फॉर्म घेऊन आला. मला वाटलं गोळ्यांचा आहे. सही केली.

चेहरा ब्लर केला होता हो, तेवढी माणुसकी. पण हातावर आजीचं नाव गोंदवलेलं होतं, ते स्वच्छ दिसत होतं. आमच्या गल्लीत तसा हात एकच.

ते एकदा दाखवून संपलं असतं तर मी इथे लिहिलंही नसतं. पण दरवर्षी 26 जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, त्या दिवशी त्यांना काहीतरी दाखवायचं असतं आणि नवीन कोण शूट करणार. मग खाली 'फाइल दृश्य' लिहून मीच. सात वर्षं मी कामावर जातोय, हप्ते भरतोय, भाचीला शाळेत सोडतोय, आणि दर 26 जूनला मी टर्कीतच. मागच्या वर्षी लग्नाचं बोलणं चाललं होतं, मुलीच्या मामाने ती क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली, खाली लिहिलं होतं 'हेच ना?'

नर्सताई

भाऊ, त्या चॅनलला लेखी पत्र दिलंत का?

सातवं_वर्ष

दोनदा. पहिल्यांदा म्हणाले संमतीपत्र आहे. दुसऱ्यांदा ज्याने शूट केलं तो नोकरी सोडून गेला म्हणाले.

हिशेबी_माणूस

@सातवं_वर्ष, तुमच्या बाबतीत झालं तो सरळ अन्याय आहे, त्यात वादच नाही.

पण धाग्याचा प्रश्न मोठा आहे. लपवून ठेवल्याने काय भलं झालं आजवर? मुक्तांगणचंच घ्या, अनिल आणि सुनंदा अवचटांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलं. आमचे काका तिथे होते. व्यसनमुक्तीचा वाढदिवस असतो तेव्हा माणूस उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो मी काय काय केलं ते, बायकांचा सहचरी गट आहे, त्याही बोलतात. म्हणजे उघड बोलणं हाच उपचाराचा भाग झाला ना? किंवा 'सत्यमेव जयते'च्या 2012 च्या दारूवरच्या भागात जावेद अख्तर स्वतःच्या पिण्याबद्दल बोलले, अख्ख्या देशाने ऐकलं. त्यांचं काही वाईट झालं? तोंड लपवायला लावलं की समाज म्हणतो बघा, लाजेचीच गोष्ट आहे.

चहा_आणि_चकली

जावेद अख्तरांनी 1991 मध्ये सोडली आणि 2012 मध्ये बोलले. मध्ये 21 वर्षं आहेत. आणि काय सांगायचं काय गाळायचं ते त्यांनी ठरवलं. माझा विरोध चौथ्या दिवसाला आहे हो, बोलण्याला कुठे आहे?

मृद्गंध

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना मदत करणारा गट, त्यांच्या बारा परंपरांमधली अकरावी नेमकी हीच आहे, छापील माध्यमं, रेडिओ, सिनेमा यांच्यापुढे सभासदाने नाव-चेहरा आणायचा नाही. टीव्ही घराघरात यायच्या आधीच्या काळातल्या लोकांना हे कळलं होतं. मला वाटतं कारण साधं आहे: गाजावाजा करून सोडलेला माणूस पुन्हा प्यायला लागला तर त्याला परत यायला तोंड राहत नाही.

हिशेबी_माणूस

किंवा त्याच गाजावाज्याच्या भीतीने तो पीत नाही. दोन्ही होऊ शकतं. आणि पैशांचंही सांगतो, पिन्स्कींचं म्हणणं होतं की पैसे मिळणार म्हणून तरी हे लोक दारात येतात. एरवी आलेच नसते.

नर्सताई

व्यसनी माणसाच्या हातात रोख. अहो आमच्या वेळी पगाराच्या दिवशी बायका मिलच्या गेटवर उभ्या असायच्या, पाकीट गुत्त्यापर्यंत पोचू नये म्हणून. त्यांना कुणी डॉक्टरकी शिकवली नव्हती.

न्यूजर्सीचा_पम्या

मिंडी गेल्यावर इथे खूप गदारोळ झाला होता. गायक रिचर्ड मार्क्सने तर पिन्स्कींची तुलना डॉ. कव्होर्कियनशी केली, म्हणजे असाध्य रुग्णांना मरायला मदत करणारे ते डॉक्टर. नंतर माफी मागितली, मला ती तुलना तेव्हाही अतिच वाटली होती. शेवटच्या सीझनमध्ये, 2012 ला, सेलिब्रिटी सोडून साधी माणसं घेतली होती, आणि 2013 मध्ये पिन्स्की म्हणाले आता हे परत करणार नाही. पण बंद केलं ते टीकेला कंटाळून, चूक झाली म्हणून नाही, असं माझं मत. ब्रिटनमध्ये निदान नियम तरी आले, जेरेमी काइलचा टॉक शो 2019 मध्ये भाग घेतलेल्या एकाच्या मृत्यूनंतर बंद झाला आणि 2021 पासून ऑफकॉमने, म्हणजे तिथल्या टीव्हीवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, सहभागी लोकांची काळजी घेणं चॅनलवर बंधनकारक केलं.

बंड्या_९०९

मी वर जे लिहिलं ते @सातवं_वर्ष यांना उद्देशून नव्हतं.

सातवं_वर्ष

माहितीये रे. आणि पैसे दिले असते तर मी पण घेतले असते, दुप्पट आनंदाने, आणि संध्याकाळपर्यंत उडवले असते.

@हिशेबी, मीपण दरवर्षी वाढदिवसाला माइकवर बोलतो. आईच्या पाटल्या विकल्या ते सांगतो. पण पहिल्या वर्षी आईला विचारलं होतं, सांगू का. ती दोन दिवस काही बोलली नाही, मग म्हणाली पाटल्यांचं सांग, पण बाबांच्या औषधाच्या पैशांचं सांगू नकोस. ते मी अजून कधी सांगितलं नाही. म्हणजे आज सांगितलं, पण इथे माझं नाव नाही.

हिशेबी_माणूस

ठीक. उपचार चालू असताना कॅमेरा नको, एवढं मी मान्य करतो. पण सहा महिने किंवा वर्ष क्लीन असलेला कुणी स्वतःहून टीव्हीवर जात असेल तर त्याला अडवू नका, त्यावर मी ठाम आहे.

चहा_आणि_चकली

त्यावर भांडायला नवीन धागा काढा, येते.

नर्सताई

@सातवं_वर्ष, ते संमतीपत्र आहे म्हणतात ना, त्याची कॉपी मागा. तारीख बघा. आणि सेंटरकडून तुमच्या अ‍ॅडमिशनची तारीख लेखी घ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवले की चौथा दिवस दिसतो. तिसरं पत्र मी लिहून देते, मेसेज करा.

सातवं_वर्ष

करतो ताई. आता निघतो, साडेसहाची मीटिंग आहे आणि चहाची पाळी माझी आहे.