'इनब्रेड लाइन'ला मराठीत काय म्हणायचं?

होटगी रोड: मक्यावरच्या एका संशोधनलेखाचं मराठी करतेय, आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांसाठी. 'इनब्रेड लाइन'ला (म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर वाढवलेला मक्याचा वंश) शब्दाला शब्द ठेवून 'अंतःप्रजनित ओळ' लिहिलं आणि मामांना वाचायला दिलं. त्यांनी बीजोत्पादनाचा प्लॉट केलेला आहे. त्यांचा पहिलाच प्रश्न, "कुठली ओळ, नराची का मादीची?" त्यांच्या रानात मादीच्या ओळींचे तुरे खुडतात, नराच्या ओळींचे ठेवतात. अख्खा परिच्छेद त्यांनी त्याच अर्थानं वाचला होता! दुसरा शब्द सुचवा. आणि 'जीन एक्सप्रेशन'ला, म्हणजे जनुक किती काम करतंय त्याला, 'जनुकीय अभिव्यक्ती' चालेल का?

जोंधळा: 'शुद्ध वाण' लिहा. सुटसुटीत आहे.

बाळीवेस: 'शुद्ध' अजिबात नको. शुद्ध म्हटलं की माणूस चांगलं समजतो. इथे उलट आहे. तुऱ्याचा पराग त्याच झाडाच्या कणसावर घालायचा, असं सहा-सात पिढ्या केलं की झाडं एकसारखी होतात, पण खुजी आणि अशक्त. अमेरिकन शास्त्रज्ञ जॉर्ज शल यांनी १९०८ मध्ये हेच मांडलं, आणि अशा दोन वेगळ्या वंशांचा संकर केला की जोम परत येतो हेही. तुमचा शेतकरी 'शुद्ध वाण' वाचून तेच बी मागायला जाईल.

मोहोळकर: आपल्याकडे याला शब्द नाही, कारण गरजच पडली नाही. शाळू बहुतांशी स्वतःच्याच परागावर दाणा धरतो. आमच्या मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी शाळूतून एम ३५-१ हा वाण निवडला. तो घरी राखून पेरला तरी फारसा बदलत नाही. मक्याचा पराग वाऱ्यावर शेजारच्या रानात जातो, म्हणून तिथे तुऱ्याला आणि कणसाला मुद्दाम पिशव्या बांधाव्या लागतात. आमचे आजोबा अशा एकसुरी बियाला 'एकजिनसी' म्हणायचे. तोच घ्या.

जोंधळा: एकजिनसीतला 'जिन्नस' फारसीतून आलाय.

मोहोळकर: मग काय झालं? आजोबांना कळत होतं ना!

पाखर संकुल: 'वाण' मात्र सोडू नका. हा वर्णावरून आला, संक्रांतीचं वाण वेगळं. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' यातलं वाण म्हणजे रंग. आणि होटगी रोड, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच म्हणीत आहे. जनुक तेच राहतं, पण मुळात, पानात, दुष्काळात त्याचं काम कमीजास्त होतं. वाण न बदलता गुण बदलतो.

बाळीवेस: म्हण सुंदर आहे, पण मोजमापाला उपयोगी नाही. जनुक काम करतं तेव्हा पेशीत त्याची आरएनए नावाची नक्कल तयार होते; संशोधक तिचं प्रमाण मोजतात. बी ७३ आणि एमओ १७ या मक्याच्या दोन इनब्रेड लाइन, त्यांच्या संकरात बऱ्याच जनुकांची पातळी दोन्ही पालकांच्या मधोमध येते, काहींची मात्र त्याबाहेर जाते. तिथे 'गुण' कसा लिहिणार? 'अभिव्यक्ती' म्हटलं की वाचकाला कविता आठवते. मी 'जनुकाची सक्रियता' लिहीन.

होटगी रोड: सक्रियता पटतंय. पण ओळीचं काय? बी ७३ चा जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा आराखडा, २००९ मध्ये आला, तिथेही 'ओळ' लिहिली तर मामा पुन्हा रानात जातील. 'स्ववंशी वाण' कसं वाटतं?

जोंधळा: स्ववंशी म्हणजे आपल्या घराण्यातला. गोंधळ वाढेल.

मोहोळकर: सरळ 'इनब्रेड' लिहा. हायब्रीड रुळलं तसं हेही रुळेल. दुकानात 'संकरित बी द्या' कोण म्हणतं?

पाखर संकुल: बियाण्याच्या पिशवीवर 'संकरित' छापलेलं असतं आणि लोक वाचतात. आपण वापरलंच नाही तर रुळणार कसं?

होटगी रोड: एक राहिलंच. मामा 'मका पेरली' म्हणतात, मी सगळीकडे 'पेरला' लिहिलंय.

मोहोळकर: पेरलीच! आमच्या अख्ख्या तालुक्यात मका बाई आहे.

जोंधळा: पुल्लिंगी आहे. मक्याचं कणीस, मकेचं नव्हे.

मोहोळकर: कणीस मक्याचंच, पण पेरली मका. दोन्ही एकाच तोंडून ऐकलंय, रोज.