जुन्या मर्सिडीज एसएलके गाडीसाठी टायर कोणते घ्यावेत?

प्रश्न (जळगाव): माझ्या २००० सालच्या मर्सिडीज एसएलकेला पुढे २०५/५५ आर १६ आणि मागे २२५/५० आर १६ टायर आहेत (पहिला आकडा म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये). नक्षी खोल असली तरी कडेला बारीक चिरा पडल्या आहेत. चारही टायर एकाच मापाचे घेतले तर चालतील का?

उत्तर (धुळे): भाऊ, तसे करू नका. इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर येत असल्याने तिथे रुंद टायर दिलेले आहेत आणि हा मेळ बिघडला, तर वळणावर गाडीचा तोल बदलतो. चिरलेले टायर मात्र लगेच उतरवा; आपल्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हात महामार्गावर जुने रबर फुटण्याचा धोका फार असतो.

उत्तर (भुसावळ): घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे स्वतः वाचा: २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.