दीड ते तीन वर्षांच्या वर्गात लुटुपुटूच्या खेळाचे कोपरे कसे मांडावेत?

शिशुवर्गाची ताई:

नमस्कार. पिंपरी-चिंचवड परिसरात आमचे पाळणाघर आहे आणि त्याला जोडूनच दीड ते तीन वर्षांच्या मुलांचा एक वर्ग आम्ही चालवतो. वर्गात 12 मुले आहेत, त्यांच्यासोबत आम्ही दोघी ताई आणि एक मावशी असतो, आणि खोली साधारण 12 फूट बाय 15 फूट आहे. येत्या जूनपासून खोलीचा एक भाग लुटुपुटूच्या खेळासाठी कायम राखून ठेवावा आणि तिथे दर महिन्याला नवा विषय घेऊन मांडणी करावी, असे आमच्या संचालकांनी सुचवले आहे. त्यांनी दिलेल्या यादीत स्वयंपाकघर, किराणा दुकान, दवाखाना, पोस्ट, विमानतळ, सागरतळ आणि अंतराळ असे विषय आहेत.

ही यादी वाचताना मला सतत असे वाटत राहिले की हे विषय चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी ठरवलेले असावेत. आमच्या वर्गातली मुले दुकानदार किंवा गिऱ्हाईक होत नाहीत. ती टोपलीतल्या वस्तू बाहेर काढतात, पुन्हा भरतात, पिशवी उचलून खोलीभर फिरतात, आणि एकाच कढईसाठी तिघे जण भांडतात. अशा मुलांसाठी विषय कोणते निवडावेत, वस्तू खऱ्या ठेवाव्यात की खेळण्यातल्या, एकेक मांडणी किती दिवस ठेवावी, आणि खेळ चालू असताना ताईने नेमके काय करावे, याविषयी ज्यांनी या वयासोबत काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहिले तर मोठी मदत होईल.

जुनी बालवाडी:

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि उत्तराची सुरुवात मुलांच्या वयापासूनच करावी लागेल. साधारण वर्षाच्या आसपास मूल रिकामा पेला तोंडाला लावून पाणी प्यायल्याचे सोंग करते, म्हणजे त्याचा पहिला लुटुपुटूचा खेळ स्वतःपुरता असतो. दीड वर्षानंतर तोच पेला ते बाहुलीच्या किंवा आपल्या ताईच्या तोंडाला लावते, आणि दोन-अडीच वर्षांच्या सुमारास दोन-तीन कृती एकापुढे एक जोडते, जसे की भात ढवळणे, ताटलीत वाढणे आणि बाहुलीला भरवणे. ‘तू दुकानदार हो, मी भाजी घेतो’ अशी भूमिकांची वाटणी बहुतेक मुलांमध्ये तिसऱ्या वर्षानंतरच नीट दिसू लागते. मिल्ड्रेड पार्टेन यांनी 1932 मध्ये बालवाडीतल्या मुलांच्या खेळाचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात दोन वर्षांच्या आसपासची मुले एकमेकांच्या शेजारी बसून, सारख्याच वस्तूंशी, पण आपापलाच खेळ खेळतात असे त्यांनी नोंदवले होते. तुमच्या वर्गात तेच घडते आहे. टोपली रिकामी करणे आणि भरणे हा या वयाचा मुख्य खेळ आहे, त्यामुळे मांडणी करताना आपण त्या भरण्या-ओतण्याला आणि वाहून नेण्याला जागा द्यायची आणि विषय त्याच्याभोवती गुंफायचा.

विषय निवडताना मी एकच कसोटी लावते: हे मुलाने स्वतःच्या अंगावर अनुभवले आहे का, किंवा घरात रोज पाहिले आहे का? या कसोटीला पोस्ट, सागरतळ आणि अंतराळ उतरत नाहीत. विमानतळ एखाद्या मुलाने पाहिला असेलही, पण त्याच्या लक्षात बहुधा सरकती बॅगच राहिली असेल, आणि चाकांची बॅग ओढण्यासाठी विमानतळ उभारण्याची गरज नाही.

माझ्या मते या वयासाठी सर्वांत श्रीमंत विषय म्हणजे बाळाची अंघोळ. प्रत्येक मुलाला न्हाऊ घातलेले असते, अनेकांच्या घरी धाकटे भावंड आलेले असते, आणि त्यातली प्रत्येक कृती त्यांना पाठ असते. पसरट घमेले, लहान तांबे, पंचे, मऊ फडकी, झबली, टोपडी, दुपटी आणि बाहुल्यांना निजवण्यासाठी उथळ टोपल्या एवढे सामान पुरेसे होते. बाहुल्या चार तरी असाव्यात, त्यांचे केस शिवलेले किंवा कोरलेले असावेत, आणि त्यांचा रंग आपल्या मुलांच्या रंगाशी जुळणारा असावा, कारण बाजारात सर्रास मिळणाऱ्या गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या बाहुलीत आपल्या मुलांना आपले घर दिसत नाही. पहिला आठवडा घमेले कोरडेच ठेवा. नंतर बोटाचे एक पेर बुडेल इतकेच कोमट पाणी घ्या, एक ताई घमेल्याजवळून हलणार नाही अशी व्यवस्था ठेवा, आणि खेळ संपताच पाणी ओतून टाका, कारण इतक्या लहान मुलाला थोड्याशा पाण्यातही जिवाचा धोका असतो. दोरीचा टांगलेला पाळणा मात्र वर्गात नको. अंगाई म्हणत मांडीवर थोपटणे मुलांना तितकेच आवडते, आणि ‘डोळे पूस’, ‘पाठ चोळ’, ‘थंडी वाजते’ असे शब्द इथे जितक्या सहज तोंडी येतात तितके ते कोणत्याही चित्रकार्डाने येत नाहीत.

खऱ्या वस्तू की खेळण्यातल्या, या प्रश्नाचे उत्तरही वयातच आहे. काठीचा घोडा होतो, हे रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की यांचे उदाहरण शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनी वाचलेले असते, परंतु काठीत घोडा पाहायला मुलाला थोडे मोठे व्हावे लागते. दीड-दोन वर्षांच्या मुलाला खऱ्यासारखीच दिसणारी वस्तू लागते, म्हणून त्याच्या हाती स्टीलची वाटी, लाकडी पळी आणि लहान लाटणे द्यावे. अडीच वर्षांच्या मुलांसाठी त्याच फळीवर काही ठोकळे, खोकी आणि कापडाचे तुकडे ठेवावेत, म्हणजे ज्याला ठोकळ्याचा फोन करायचा आहे तो करू शकेल. विविधतेपेक्षा सारखेपणा महत्त्वाचा आहे: दहा प्रकारची भांडी आणण्याऐवजी चार सारख्या कढया आणा, बरीचशी भांडणे तिथेच मिटतील.

जागेविषयी थोडक्यात सांगते. फळी मुलाच्या छातीपेक्षा उंच नसावी आणि भिंतीला पक्की बसवलेली असावी, कोपऱ्याला येण्या-जाण्याच्या दोन वाटा असाव्यात म्हणजे कोणी आत कोंडले जात नाही, आणि एका वेळी चारच मुले तिथे रमतील असे दुसरे आकर्षण खोलीच्या विरुद्ध टोकाला असावे.

कोवळे ऊन:

वरील प्रतिसादातील बहुतेक मुद्दे मला मान्य आहेत, तरीही एक वेगळा विचार मांडते. मी मॉन्टेसरी पद्धतीने प्रशिक्षण घेतले आहे, आणि मारिया मॉन्टेसरी 1939 मध्ये भारतात आल्यानंतर ही पद्धत इथे रुजली ती मुलाला खरे काम देण्याच्या आग्रहामुळे. दोन वर्षांच्या मुलाला खोटी पोळी लाटायला देण्याऐवजी खऱ्या कणकेचा गोळा द्यावा, प्लास्टिकची भाजी देण्याऐवजी मेथी निवडायला बसवावे, खोटे धुणे देण्याऐवजी हातरुमाल धुऊन वाळत घालू द्यावेत, असे मला मनापासून वाटते. त्यात त्याची बोटे, डोळे आणि एकाग्रता एकत्र काम करतात, आणि आपण घरातल्या खऱ्या कामाला हातभार लावतो हे समाधान त्याला मिळते. माझ्या अनुभवात कणीक मळणाऱ्या मुलाला विषयाची सजावट लागत नाही. विशेषतः मुलग्यांच्या पालकांना हे आवर्जून दाखवावे, कारण घरी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढणारे कोणी ना कोणी असतेच.

जुनी बालवाडी:

आपला मुद्दा मोलाचा आहे, आणि मेथी निवडण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु खरे काम आणि लुटुपुटूचा खेळ यांपैकी एकच निवडावा असे मला वाटत नाही, कारण त्यांचे काम वेगवेगळे आहे. दवाखान्याचे उदाहरण घ्या. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकानुसार 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान मुलांना गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा बूस्टर दिला जातो, म्हणजे या वर्गातल्या कित्येक मुलांच्या मनात सुईची आठवण ताजी असते. ती भीती कोणत्याही खऱ्या कामातून बाहेर पडत नाही. बाहुलीला पुन्हा पुन्हा सुई टोचून, तिला रडवून, मग तिला कडेवर घेऊन ती बाहेर पडते. अशा वेळी ताईने ‘बघ, बाहुली रडली नाही, शहाणी आहे’ असे म्हणू नये. ‘बाहुलीला दुखले, आता तिला कुशीत घेऊ या’ एवढेच म्हणावे. स्टेथोस्कोप मुले तोंडातही घालतात, म्हणून तो रोज पुसावा, आणि पावसाळ्यात हात-पाय-तोंड आजाराची साथ असेल तेव्हा दवाखान्याचा खेळ काही दिवस बाजूला ठेवावा.

डहाणू किनारा:

मी पालघर जिल्ह्यात अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. आमच्या भागात ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या, आणि 1957 मध्ये ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. परिसरात मिळणाऱ्या शंख-शिंपल्यांपासून, पानाफुलांपासून आणि दगड-बियांपासून शैक्षणिक साधने करण्याची त्यांची रीत आजही आम्हाला मार्ग दाखवते, त्यामुळे शहरातल्या वर्गानेही महागड्या खेळण्यांच्या संचामागे जाऊ नये. लाल भोपळा, दुधी, मक्याची कणसे, नारळाच्या करवंट्या, बांबूच्या टोपल्या आणि जुन्या लुगड्याच्या पिशव्या यांची भाजी मंडई या वयाला उत्तम रुचते. तिथे मुले पैशांचा हिशेब करत नाहीत. ती जड भोपळा दोन्ही हातांनी उचलतात आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवतात, आणि त्यात मंडईचा सगळा आनंद त्यांना मिळतो.

मात्र तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ही रीत जशीच्या तशी उचलता येत नाही, हे मी कळकळीने सांगू इच्छिते. चिंचोके, सागरगोटे, लहान शिंपले आणि शेंगदाणे या वर्गात अजिबात नकोत, कारण ते घशात अडकतात. चवळी-राजम्यासारखे दाणे मुले नाकात घालतात आणि तिथे ते ओलाव्याने फुगतात. गुंजा दिसायला सुंदर असल्या तरी विषारी आहेत. खेळण्यांच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 9873 मध्ये, तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याची चाचणी आहे, आणि त्या नळकांड्यात कोणत्याही बाजूने पूर्ण मावणारी वस्तू मुलाच्या हाती द्यायची नसते. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही खरेदीच्या वेळी पाहावे. आणि आवाज करणारा खेळण्यातला फोन किंवा थर्मामीटर आणलाच तर त्यात बटणासारखा चपटा सेल नाही याची खात्री करावी, कारण तो गिळला गेल्यास दोन तासांतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

शिशुवर्गाची ताई:

आपण सर्वांनी इतक्या आत्मीयतेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पोस्ट, सागरतळ आणि अंतराळ मी संचालकांशी बोलून यादीतून वगळणार आहे. दोन शंका राहिल्या आहेत. पालकांना दर महिन्याला नव्या मांडणीची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाहायची सवय आहे, मग विषय किती दिवसांनी बदलावा? आणि खेळ चालू असताना ताईने बोलावे की गप्प राहावे?

जुनी बालवाडी:

विषय पूर्ण बदलू नका, तो वाढवत न्या. घराचा कोपरा वर्षभर तिथेच राहू द्या, कारण सकाळी आईचा हात सुटल्यावर मुलाला ओळखीची चूल आणि ओळखीची बाहुली दिसणे फार आवश्यक असते. त्याच्या शेजारची लहान जागा मात्र ऋतूप्रमाणे बदलू शकते. जूनमध्ये छत्र्या आणि गमबूट ठेवा. आषाढीच्या सुमारास पताका आणि डोक्यावर घ्यायला हलकी टोपली द्या, कारण हातात काहीतरी घेऊन सगळ्यांसोबत चालत जाणे हा या वयाचा आवडता खेळच आहे, आणि पुण्या-पिंपरीतल्या कित्येक मुलांनी पालखी खांद्यावरून पाहिलेली असते. दिवाळीच्या आधी अंगणात किल्ल्याची माती भिजवा. हिवाळ्यात गावी जाऊन आलेल्या मुलांसाठी खुर्च्या एकामागे एक मांडून एसटी करा आणि टेबलावरची एक घंटी ठेवा. थांबायला एक टोला आणि निघायला दोन टोले हा नियम अडीच वर्षांचे मूल आनंदाने पाळते. असा जोडविषय किमान चार ते सहा आठवडे ठेवावा, कारण पहिला आठवडा वस्तू हाताळण्यातच जातो आणि खरा खेळ त्यानंतर सुरू होतो. मुले एखाद्या वस्तूकडे फिरकेनाशी झाली की तेवढीच वस्तू उचलावी.

पालकांना मांडणीच्या छायाचित्राऐवजी एका मुलाच्या खेळाची दोन वाक्यांची नोंद पाठवून पाहा, उदाहरणार्थ, ‘आज त्याने बाहुलीला तीन वेळा भरवले आणि चौथ्यांदा घास गरम आहे म्हणून फुंकर घातली’. फुंकर ही नवी पायरी आहे हे पालकांना समजावून सांगितले की सजावटीची मागणी आपोआप कमी होते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2024 मध्ये जन्म ते तीन वर्षांच्या मुलांसाठी ‘नवचेतना’ हा आराखडा प्रसिद्ध केला आहे. त्यात वयानुसार 36 महिन्यांच्या कृती दिल्या आहेत, आणि संचालकांसमोर मांडायला तो उपयोगी पडेल.

बोलण्याविषयी म्हणाल तर ताईने जमिनीवर, मुलाच्या उंचीवर बसावे आणि आधी पाहावे. मुलाने पेला पुढे केला तर तो घेऊन प्यावे आणि ‘चहा गोड झालाय’ असे म्हणून थांबावे. ‘हा कोणता रंग आहे, किती पेले आहेत’ अशी परीक्षा सुरू झाली की मूल पेला खाली ठेवते आणि उत्तर देऊन निघून जाते. खेळ एकाच कृतीवर अडकला असेल तर शेजारी बसून आपण स्वतः एक पुढची कृती करावी, म्हणजे बाहुलीचे तोंड पुसावे किंवा तिला दुपट्यात गुंडाळावे, आणि मुलाने ती उचलली नाही तर तिथेच सोडून द्यावी. तुमच्या खोलीत दोघी ताई आहेत, तर एकीने सकाळचा अर्धा तास फक्त या कोपऱ्यात बसायचे आणि दुसरीने बाकीची खोली सांभाळायची अशी वाटणी जूनपासूनच ठरवून टाका.