लाइमच्या आजारानंतर भाऊ रात्री किंचाळत उठते, काय करावं?

संत्राबाग_काटोल:
नमस्कार मंडळी, लहान भावाबद्दल विचारायचं आहे, कोणाले अनुभव असेल तर सांगा. तो कंपनीच्या कामानं अमेरिकेत कनेक्टिकटले होता, घरामागं झाडी, हरणं यायची, तिथं गोचीड चावली आणि त्याले लाइम डिसीज झाला. आधी मांडीवर मोठा लाल चट्टा आला होता पण दुखत नाही खाजत नाही म्हणून तो गप्प राहिला, मग तोंड एका बाजूनं वाकडं झालं तेव्हा कुठं निदान झालं. तिथंच डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स झाला, तोंड सरळ झालं. आता गावी परत आला आहे पण सांधे दुखतात, दिवसभर थकलेला राहते, आणि झोपेचं तर पार वाटोळं झालं.

रात्री झोपला की तास-दीड तासात एकदम किंचाळून उठून बसते, डोळे उघडे, घामानं ओला, हाक मारली तर ओळखत नाही. परवा दार उघडून अंगणात धावत सुटला, आणि आमच्या अंगणातल्या विहिरीले कठडा नाही हो. सकाळी विचारलं तर त्याले काहीच आठवत नाही. त्याची बायको लेकराले घेऊन दुसऱ्या खोलीत झोपून राहिली. आई म्हणते बाहेरचं लागलं, एखाद्या जाणत्याले दाखवा. आणि शहरात एका ठिकाणी रक्त तपासलं तर टेस्ट अजून पॉझिटिव्ह, ते म्हणतात रोग अंगातच आहे, काही महिने सलाईनमधून अँटिबायोटिक द्या. खर्च लय आहे. करावं का? आणि रात्री उठला तर त्याले धरावं की नाही?

वर्धेची_ताई:
दादा, बाकी सगळं नंतर, आधी विहिरीवर जाळी टाका, उद्याच टाका. २०१८ च्या पावसाळ्यात आपल्याकडं स्क्रब टायफसची, म्हणजे बारीक किड्याच्या चाव्यानं येणाऱ्या तापाची, साथ आली होती ना, त्यात माझे मिस्टर आयसीयूत होते. रोग वेगळा आहे पण घरी आल्यावर त्यांचंही असंच सुरू झालं होतं, झोपेत ओरडायचे, हात झाडायचे. आम्ही बाज काढून गादी खाली टाकली, गच्चीवर झोपणं बंद केलं, विळे कुऱ्हाड फवारणीच्या बाटल्या सगळं त्या खोलीतून हलवलं आणि दाराले बैलाचे घुंगरू बांधले म्हणजे उघडलं की मला जाग यायची. बाहेरून कडी मात्र लावू नका, आग लागली काही झालं तर माणूस अडकतो. आणि धरू नका. मी एकदा खांदे धरून हलवलं तर अजूनच बिथरले. नुसतं हळू आवाजात बोलत राहायचं, "घरीच आहात, झोपा", आणि वाटेत उभं राहून परत गादीकडं वळवायचं. तुमच्या भावाच्या बायकोला सांगा तो तिच्यावर ओरडत नाही आहे, त्याला ती दिसतच नसते त्या वेळी.

डॉ_पीएचसीवाला:
ताईंनी सुरक्षेचं सांगितलं ते तंतोतंत बरोबर आहे. तुमच्या वर्णनावरून हे नाइट टेरर वाटतात. रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेतून मेंदू अर्धवटच जागा होतो, शरीर घाबरून उठतं पण माणूस झोपेतच असतो, म्हणून सकाळी आठवत नाही. वाईट स्वप्नं वेगळी, ती बहुतेक पहाटेकडं पडतात आणि आठवतात, त्यांचा उपचारही वेगळा आहे. पण मोबाईलवर दोन-तीन वेळचा व्हिडिओ काढा, कारण झोपेतल्या फिट्ससुद्धा अशा दिसू शकतात. दर वेळी अगदी तीच हालचाल, एका रात्रीत अनेकदा, जीभ चावलेली, कपड्यात लघवी, असं काही असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींची तपासणी, लागेल. घोरतो का तेही बघा, श्वास अडकला की झोप मोडते आणि त्यातूनही हे होतं.

आता टेस्टचं. लाइमची नेहमीची टेस्ट अँटिबॉडीची, म्हणजे जंतूशी लढायला शरीरानं बनवलेल्या द्रव्यांची असते आणि अँटिबॉडी उपचारानंतरही कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवरून जंतू जिवंत आहेत असं म्हणता येत नाही. कोर्स झाल्यावरही काही जणांना थकवा, दुखणं, झोपेचा त्रास, लक्ष न लागणं हे राहतं, तो त्रास खरा आहे, मनाचा खेळ नाही. पण त्यासाठी महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊन फायदा होतो का हे अमेरिकेत आणि नेदरलँड्समध्ये नीट तपासलं गेलं, २००१ आणि २०१६ साली निकाल छापून आले, औषध नसलेल्या नकली डोसापेक्षा टिकाऊ फायदा दिसला नाही. नुकसान मात्र होतं, सलाईनच्या नळीतून इन्फेक्शन, जबर जुलाब, सेफ्ट्रायक्सोन नावाच्या अँटिबायोटिकनं पित्ताशयात खडे. पैसे भरण्याआधी न्यूरॉलॉजिस्टला, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरला दाखवा, नागपूरला एम्समध्ये आहे, सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीत आहे. अमेरिकेतले सगळे कागद न्या.

एक विचारतो, तो झोपतो किती आणि कधी? झोपेची किंवा दुसरी कोणती गोळी चालू आहे का? दारू?

संत्राबाग_काटोल:
दारू नाही सर. दुखण्याची गोळी घेते, आणि मेडिकलवाल्यानं झोपेची एक दिली होती, झोल्पिडेम लिहिलं आहे पाकिटावर. झोपेचं म्हणाल तर बागेची लाईन एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री असते, रात्रीच्या आठवड्यात ओलीत करायले तोच जाते कारण म्हणते तसंही झोप येत नाही मले. डुकरांपायी जागलीलेही जाते. मग दुपारी झोपते.

डॉ_पीएचसीवाला:
मग इथूनच सुरुवात करा. अर्धवट झोप हे नाइट टेररचं सगळ्यात मोठं खतपाणी आहे, उपाशी राहिलेली गाढ झोप दुसऱ्या रात्री जोरात येते आणि त्यातूनच असं उठणं वाढतं. ओलीत आणि जागल काही महिने दुसऱ्या कोणाकडं द्या. उठायची वेळ रोज एकच ठेवा, दुपारची झोप अर्ध्या तासात आटपा, चहा दुपारनंतर नको. झोल्पिडेमनं काही माणसं झोपेत उठून चालतात, त्यामुळे ती गोळी डॉक्टरशी बोलल्याशिवाय चालू ठेवू नका, आणि बरेच दिवस रोज घेत असेल तर एकदम तोडूही नका. रोज ठरलेल्या वेळीच उठत असेल तर त्याच्या १५-२० मिनिटं आधी हळूच जागं करून परत झोपवायचं, हे लहान मुलांत जास्त वापरतात पण मोठ्यांत करून बघायला हरकत नाही. झोप न येण्यासाठी सीबीटी-आय म्हणून गोळीशिवायचा उपचार आहे, सेवाग्रामला किंवा सावंगीला मानसोपचार विभागात विचारा. रात्री-बेरात्री घरच्यांना धीर हवा असेल तर टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलतात.

चंद्रपूरचा_पेन्सिल्वेनियात:
दादा मी सध्या जिथं राहतो तिथं लाइम घरोघरी माहीत आहे, माझ्या बायकोला झाला होता. झोप सुधारायला बरेच महिने गेले, एकदम नाही, दोन आठवडे बरे मग परत चार रात्री खराब असं करत करत. खराब रात्र आली की तिला वाटायचं रोग परत आला, त्या धास्तीनंच पुढची रात्र जायची. भावाशी हे दिवसा मोकळं बोला. तोंड वाकडं झालं तेव्हा परक्या देशात एकटा होता तो, ते अजून मनात असेल.

अमरावतीची_मोठीआई:
आईंना तोडून बोलू नका बरं. त्यांना म्हणा, देवाला नारळ फोडा, अंगारा लावा, पण धुरी, मारझोड आणि रात्री उठवून बसवणं नाही चालणार. माझ्या पुतण्याला रात्रभर एका ठिकाणी बसवून ठेवलं होतं, घरी आला तर दुप्पट ओरडायला लागला. त्यांनाच झोपताना त्याच्या पायाला तेल लावायचं काम द्या, त्यांच्याही जिवाला बरं वाटेल.

संत्राबाग_काटोल:
सगळ्यांचे लय आभार. जाळीचं आजच वेल्डिंगवाल्याले सांगितलं, ओलिताले गडी बघून राहिलो, सलाईनचं थांबवलं. भावाच्या बायकोले ताईंचं वाचून दाखवलं तर रडली, म्हणे मले वाटे मीच नकोशी झाली त्याले. अजून एक, आमच्या गाईले गोचीड खूप आहेत, लेकराले त्यातून लाइम होईल का?

डॉ_पीएचसीवाला:
लाइम पसरवणारी गोचीड वेगळ्या जातीची, आपल्या गुरांवरच्या गोचिडांतून लाइम होतो असं दिसलेलं नाही. तरी गोचीड हातानं चिरडू नका, गुरांच्या डॉक्टरकडून औषध लावून घ्या. लेकराला ताप आला आणि अंगावर, काखेत, जांघेत काळी खपली दिसली तर ती दाखवायला थांबू नका, आपल्याकडं स्क्रब टायफस आहे आणि तो लवकर औषध मिळालं तर लवकर बरा होतो.