तांबडीची गळ्याखालची पिशवी सकाळीही टम्म

राजेंद्रनगर, इंदूर. परसात पाच गावठी कोंबड्या आहेत. तांबडी परवापासून मान वेळावत एका कोपऱ्यात बसते. रात्री चाचपलं तर गळ्याखालची, खाल्लेला दाणा साठतो ती पिशवी भरलेली. पहाटे दाण्याआधी पाहिलं तरी तशीच, मळलेल्या कणकेसारखी घट्ट. शनिवारी गवत कापलं, लांब पाती तिथेच राहिली, तीच तिनं गिळली असणार, माझीच चूक. जीव तुटतोय, काय करू?

— ताई, पिशवी चोंदलीय. निरोगी कोंबडीची सकाळी रिकामी असते. दाणा बंद, पाणी राहू द्या. चोचीच्या कडेनं थेंब थेंब तेल सोडा आणि दिवसातून 3-4 वेळा अलगद चोळा. तिला खाली डोकं वर पाय अशी मात्र धरू नका. पिशवीतलं पाणी श्वासनळीत जातं. माझी एक अशीच गेली, अजून डोळ्यांसमोर येते.

— आधी तोंडाचा वास घ्या. आंबूस असेल आणि पिशवी डुचमळत असेल तर बुरशीचं दुखणं, त्याचं औषध वेगळं. उद्यापर्यंत उतरलं नाही तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. वेळ पडली तर डॉक्टर चीर देऊन गोळा काढतात. आणि त्यांना खायला बारीक खडी ठेवता ना? त्याशिवाय पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटात, दळण होत नाही.

— वास नाही. तेल दिलं, चोळलं. आज पिशवी निम्मी झालीय! खडी आजच आणते.