मदत हवी आहे: तिरामिसूचे ट्रफल वळले जात नाहीत, आणि चव नुसती कॉफीची लागते

नमस्कार मंडळी,

दसऱ्यानंतर आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होतायत. कार्यक्रम घरीच, सोलापुरात, माणसं चाळीसच्या आसपास. आई भावाकडे मिलानला राहून आली तेव्हापासून तिला तिरामिसू (कॉफीत भिजवलेली बिस्किटं आणि क्रीम यांचं इटालियन गोड) फार आवडतं. जेवणात श्रीखंड आहेच, पण तिच्या आवडीचं म्हणून हेही असावं असं मनापासून वाटतंय. एवढ्या लोकांना काचेच्या भांड्यातून चमच्याने वाढणं कठीण, म्हणून एका घासात संपतील असे ट्रफल, म्हणजे छोटे गोळे, करायचं ठरवलं आहे.

सध्या टोस्टचा चुरा, घरी केलेलं मस्कारपोने (क्रीमचं मऊ इटालियन चीज), पिठीसाखर आणि अर्धी वाटी कडक काळी कॉफी असं एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवते. तासाभराने वळायला घेतलं की मिश्रण हाताला चिकटतं आणि ताटलीत ठेवलेला गोळा बसतो. चुरा वाढवला की वळता येतं, पण मग ते कॉफीचे लाडू होतात. तिरामिसूमध्ये कडू कॉफी, भिजलेलं बिस्किट, गार क्रीम आणि वरचा कोको हे सगळं जिभेला वेगवेगळं कळतं. ट्रफलमध्ये ते कसं आणायचं?

बाकीच्या शंका अशा. इथे मस्कारपोने मिळत नाही. मी पाकिटातलं २५ टक्क्यांचं क्रीम लिंबू घालून नासवते, पण ते सैलच राहतं. त्याऐवजी श्रीखंडाचा चक्का चालेल का? घरात दोघी मावश्या अंडं खात नाहीत आणि दारू घालायची नाहीये, मग ते तिरामिसू राहतं का? वरून पांढऱ्या चॉकलेटचं आवरण दिलं तर त्याला तडे जातात, आणि नुसत्या कोकोत घोळवलं तर कोको ओला होऊन काळा पडतो. शिवाय लहान मुलंही खाणार, तर कॉफी किती घालावी?

प्रतिसाद (ठाण्याहून)

ताई, पाणी फार होतंय. फ्रीजमध्ये लोणी, साय, चॉकलेट यांतला स्निग्धांश आळतो, पण पाणी आळत नाही. अर्धी वाटी कॉफी म्हणजे ७०-७५ मिली पाणी, त्यात मस्कारपोनेचं पाणी वेगळं. चुरा ते पिऊन फुगतो, मग तुम्ही आणखी चुरा घालता आणि क्रीमची चव हरवते.

कॉफी पातळ करून घालूच नका. इन्स्टंट कॉफीचे २ छोटे चमचे १ मोठा चमचा कडकडीत पाण्यात विरघळवा, काळा पाक दिसेल. २०० ग्रॅम चुऱ्याला असे २ मोठे चमचे खूप झाले. त्याबरोबर २०० ग्रॅम मस्कारपोने, २५-३० ग्रॅम पिठीसाखर आणि ८० ग्रॅम वितळवलेलं पांढरं चॉकलेट घाला. चॉकलेट इथे गोडव्यापेक्षा आळण्यासाठी आहे. चार तास फ्रीजमध्ये ठेवून मग वळा. १२ ग्रॅमचे धरले तर चाळीसेक होतील.

कॉफीचं पाकीट मात्र नीट वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी, म्हणजे एका झाडाच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते. दुधाच्या कॉफीत ती छान लागते, पण इथे तिचा जळका-गोडसर वास वर येतो. १०० टक्के कॉफी लिहिलेलं घ्या. आणि टोस्ट वेलचीचा नको!

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

मस्कारपोनेबद्दल सांगते. चांगल्या मस्कारपोनेत स्निग्धांश ४० टक्क्यांच्या वर असतो, त्यामुळे २५ टक्क्यांच्या क्रीमचं सैल होणारच. म्हशीच्या दुधावरची ताजी, गोडी साय मिळत असेल तर ती अर्धी आणि क्रीम अर्धं असं घ्या. तुपासाठी साठवलेली, विरजण लागलेली साय नको. आधी मिक्सरमधून हलकेच फिरवा, फार फिरवलंत तर लोणी निघेल. मग मंद आचेवर ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. थर्मामीटर नसेल तर कडेने बुडबुडे दिसायला लागतात ती वेळ, उकळी फुटायच्या आधीची. ५०० मिलीला १ मोठा चमचा लिंबाचा रस घालून पाच मिनिटं ढवळत राहा. पनीरसारखं फाटून पाणी वेगळं होत नाही, नुसतं दाटसर होतं, तेव्हा झालं नाही समजून आणखी लिंबू पिळू नका. गार झालं की मलमलच्या कापडात बांधून, चाळणीत ठेवून, फ्रीजमध्येच पूर्ण एक दिवस निथळू द्या. क्रीम हलकं असताना हा निथळायचा वेळ फार महत्त्वाचा.

चक्का घट्ट असतो हे खरं, पण आंबट असतो. त्याला साखर, केशर, जायफळ शोभतं. कॉफीच्या कडूपणाबरोबर तो आंबटपणा मला अजिबात रुचत नाही. विकतचं क्रीम चीज थोडं खारट, पण नाइलाजच झाला तर चक्क्यापेक्षा ते बरं.

प्रतिसाद (इटलीहून, पादोव्हा)

मी व्हेनेतो प्रांतात राहते, त्रेव्हिझो शहर इथून जवळच. तिरामिसू आपलंच असं त्रेव्हिझोचे लोक फार प्रेमाने सांगतात. १९७०च्या सुमारास तिथल्या 'ले बेक्केरिए' नावाच्या रेस्टॉरंटमध्ये ते पहिल्यांदा वाढलं गेलं असं मानतात. शेजारच्या फ्रिउलीतले लोक ते मान्य करत नाहीत, ते तोल्मेझ्झो गावाचं नाव घेतात. पण तुमच्या कामाची गोष्ट अशी की 'ले बेक्केरिए'च्या कृतीत दारू नाहीच. मस्कारपोने, अंड्याचे बलक, साखर, कॉफी, साव्होयार्दी बिस्किटं आणि कोको, बस. मार्साला वाइन वगैरे घालतात ती नंतरची भर. तेव्हा दारू न घालता तुम्ही मूळ चवीच्या जवळच आहात, निश्चिंत असा.

अंड्याचं तसं नाही, बलक फेटलेल्या क्रीमचा हलकेपणा वेगळाच. पण ट्रफल आळायला हवा, हलका व्हायला नको, म्हणून इथे अंडं नसलेलं बिघडत नाही. उलट चाळीस माणसांचं जेवण आणि ऑक्टोबरची उष्णता असताना कच्चे बलक मी घातलेच नसते. एक लक्षात ठेवा, साव्होयार्दी म्हणजे ती लांबट 'लेडी फिंगर' बिस्किटं कुणी आणून दिली तरी त्यांत अंडं असतं. मावश्यांसाठी चालणार नाहीत. मस्कारपोने मात्र आम्ल घालून करतात, त्याला रेनेट (वासराच्या पोटातून काढतात ते दूध नासवायचं द्रव्य) लागत नाही, तेव्हा शाकाहारी लोकांना अडचण नाही.

धागाकर्ती

खूप खूप आभार! लिंबू वाढवत नेत होते तेच थांबवते. चवी वेगळ्या लागण्याचं काय करू? चुरा आणि क्रीम एकत्र मळलं की ते एकजीव होणारच ना?

प्रतिसाद (ठाण्याहून)

मग मळूच नका, आत बिस्किट आणि बाहेर क्रीम असं करा. बिनअंड्याचा साधा स्पंज केक भाजून त्याचे दीड सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करा आणि ते १०० अंशांच्या ओव्हनमध्ये २०-२५ मिनिटं वाळवा. वाळलेला तुकडा कॉफी पितो आणि तरी आकार धरून राहतो. त्याला वर सांगितलेला कॉफीचा अर्क ब्रशने लावा, बुडवू नका.

आवरणासाठी २०० ग्रॅम पांढरं चॉकलेट वितळवून कोमट होऊ द्या आणि त्यात १०० ग्रॅम मस्कारपोने मिसळा. मस्कारपोने फ्रीजमधून थेट घेतलंत तर चॉकलेट दाणेदार होतं, ते आधी बाहेर काढून ठेवा. यात साखर घालायची नाही, चॉकलेटच पुरेसं गोड आहे. मिश्रण फ्रीजमध्ये आळलं की छोटा गोळा तळहातावर चपटा करायचा, मधे कॉफीचा तुकडा ठेवायचा आणि मोदकासारखं बंद करायचं. एवढ्यात तीसेक होतील, तुम्ही दुप्पट घ्या. चावलं की आधी कोको, मग क्रीम, मग कॉफी, असं क्रमाने कळतं. मला स्वतःला चुऱ्याच्या ट्रफलपेक्षा हेच कितीतरी आवडतं.

चॉकलेटच्या लादीवर घटक वाचा. कोको बटर असेल तर ते खरं पांढरं चॉकलेट. हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड, वरच्या कवचाला सोयीचं, पण क्रीममध्ये त्याचा तुपकट थर टाळूला चिकटतो. तुमच्या कवचाला तडे जायचं कारण म्हणजे आतला गोळा फार थंड असतो. तो बाहेर आल्यावर थोडा फुगतो आणि आधीच कडक झालेलं कवच तडकतं. गोळे दहा-पंधरा मिनिटं बाहेर ठेवून मग बुडवले तर बरंच थांबेल. पण या पद्धतीत कवच लागतच नाही.

मुलांसाठी: १ छोटा चमचा इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. ३० ट्रफलना मिळून ३ चमचे गेले तर एकात ६ मिलिग्रॅम आलं. एखाददुसरा खायला हरकत नाही. अगदी लहानांसाठी काही तुकडे नुसत्या कोको-दुधाने भिजवून वेगळे ठेवा.

धागाकर्ती

आत तुकडा, बाहेर क्रीम, हेच करणार. आता फक्त कोको आणि वेळेचं सांगा. किती आधी करून ठेवू?

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

तीन दिवस आधी मस्कारपोने निथळत ठेवा. दोन दिवस आधी केक भाजून तुकडे वाळवा. आदल्या दिवशी दुपारी ट्रफल वळून घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रीजमध्ये ठेवा. कोकोत आदल्या दिवशी घोळवू नका, रात्रभरात तो ओल ओढतो आणि काळा पडतो. पाहुणे जेवायला बसले की घोळवा. डच प्रोसेस्ड कोको मिळाला तर तोच घ्या, रंग गडद आणि चव सौम्य असते, आईंना घशाशी लागणार नाही.

सगळे एकदम बाहेर मांडू नका. दहा-बारा काढायचे, संपले की पुढचे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर दुधाचा असा पदार्थ तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नये. दुपारचा कार्यक्रम असेल तर ताटाखाली बर्फाची परात ठेवा, पण ताटाला पाणी लागणार नाही एवढं बघा.