मदत हवी आहे: बागेतल्या स्टाफला इमर्जन्सी ट्रेनिंग, कुठला कोर्स घ्यावा?

हिरवळ:
नमस्कार मंडळी. बागेच्या स्टाफला इमर्जन्सीचं ट्रेनिंग द्या, असा वरून आदेश आलाय. कोणी दोन तासांचा कोर्स सांगतं, कोणी दोन दिवसांचा. नक्की कुठला घेऊ? उद्या सकाळी कळवायचंय, तेव्हा पाल्हाळ नको.

चौकसबुद्धी:
स्टाफ म्हणजे कोण? माळी, वॉचमन, की ऑफिसातले? किती जण, किती पाळ्या? तळं आहे का?

हिरवळ:
बाग म्हणजे बागच हो, असते तशी. सोळा जण. मला फक्त कोर्स सांगा.

खटक्यावर_बोट:
कोर्स राहू द्या, आधी एईडी बसवा, म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशीन. हृदय अचानक बंद पडलं आणि काहीच केलं नाही, तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. मशीन स्वतः बोलून सांगतं काय करायचं ते. गरज नसेल तर शॉक देतच नाही, त्यामुळे चुकायची भीती नाही. आमच्या सोसायटीत मीच मागे लागून बसवून घेतलं.

निवृत्त_सिस्टर:
बसवलंत, छान. छातीला चिकटवायच्या पॅडची मुदत शेवटची कधी बघितलीत? मशीन येईपर्यंत छाती कोण दाबणार? मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांत दाबणारा दमतो, तिथे दुसरा माणूस लागतो. हे स्लाइड बघून येत नाही. प्रत्येकाने डमीसमोर गुडघे टेकून घाम गाळला पाहिजे.

खटक्यावर_बोट:
ताई, दाबू नका असं मी कुठे म्हटलं? आणि पॅड मागच्याच महिन्यात बदललेत.

डिकीतला_दवाखाना:
प्रथमोपचार पेटीत निर्जंतुक गॉज, क्रेप बँडेज, कात्री, हातमोजे आणि टॉर्च हवाच. मी गाडीत दोन पेट्या ठेवतो. यादी हवी असल्यास व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चौकसबुद्धी:
पेटीचं कोणी विचारलं नव्हतं. हिरवळ, हा आदेश अचानक का आला? काही घडलं का?

हिरवळ:
घडलं म्हणजे, ट्रॅकवर एक आजोबा कोसळले. वॉचमन धावत पाणी घेऊन आला आणि त्यांच्या तोंडात ओतायला लागला. एक जण म्हणाला, घोरतायत, म्हणजे श्वास चालू आहे. रुग्णवाहिका मागच्या गेटला आली, तिथे कुलूप. चावी कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. आजोबा वाचले, पण ते नशीब.

निवृत्त_सिस्टर:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! बेशुद्ध माणसाच्या तोंडात थेंबभरही पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. आणि ते घोरणं बहुतेक हृदय बंद पडल्यावरचे आचके असतील. श्वास समजून लोक थांबतात ते तिथेच. प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, की दाबायला सुरुवात.

रोजचा_फेरा:
ट्रॅकवर लोक कुत्री मोकळी सोडतात, त्याचंही कोणीतरी ट्रेनिंग द्या. परवा मीच पडता पडता वाचलो.

सायरन:
पंधरा वर्षं रुग्णवाहिका चालवली. बागेतला कॉल म्हणजे डोक्याला ताप. 'मोठ्या झाडाजवळ या' म्हणतात. कुठलं मोठं झाड? दिव्याच्या खांबांवर ठळक नंबर टाका आणि फोनवर तो नंबर सांगायला शिकवा. प्रत्येक गेटची चावी प्रत्येक पाळीत कोणाकडे, ते ठरवा. एक माणूस गेटवर हात दाखवत उभा हवा. याला कुठलाच कोर्स लागत नाही.

निवृत्त_सिस्टर:
+१. आता कोर्सचं. आठ-आठ जणांच्या दोन बॅच करा, म्हणजे बाग ओस पडणार नाही. अर्धा दिवस, त्यातला बहुतेक वेळ डमीवर. दोन-तीन माणसांमागे एक डमी नसेल तर ती संस्था नको. पहिल्या बॅचला माळी आणि वॉचमन, कारण पडलेल्या माणसापाशी आधी तेच पोचतात. माळ्यांना कटरने कापलं तर काय, तेही हवं: कापड घट्ट दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही. उन्हात कोणी बरळायला लागला तर आधी सावली आणि गार पाणी अंगावर, गाडीची वाट बघत बसायचं नाही. काही महिन्यांत हात विसरतात, म्हणून दर तीन महिन्यांनी अर्धा तास उजळणी. तळ्याचं अजून सांगितलं नाहीत.

हिरवळ:
आहे एक. गुडघाभरच आहे.

निवृत्त_सिस्टर:
लहान मुलाला तेवढं पुरतं. मग बुडालेल्याला तोंडाने श्वास द्यायलाही शिकवा, तिथे आधी श्वास लागतो, नुसतं दाबून भागत नाही.

खटक्यावर_बोट:
आणि एईडी?

निवृत्त_सिस्टर:
आणि एईडी. पण ऑफिसच्या कपाटात नाही, गेटजवळ, बिनकुलपाचं.

हिरवळ:
अर्धा दिवस, दोन बॅच असं कळवलं. मागच्या गेटची चावीही सापडली. चार फोन केले, तेव्हा कळलं की रजेवर गेलेल्या मुकादमाच्या घरी आहे. आज आणायला माणूस पाठवलाय.

रोजचा_फेरा:
कुत्र्यांचं राहिलंच.